सागाच्या पानांचं छप्पर

दहावीपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी आबांसोबत किनवटच्या सागवानात शेळ्या राखायला जायचो. आभाळ भरून आलं की मी काठ्या शोधायला पळायचो आणि आबा नुसते जमिनीकडे बघत हिंडायचे. कारण कळायला एकदा भिजावं लागलं. ओढ्यातली कोरडी, सपाट वाळू बघून मी तिथंच छप्पर उभं केलं. डोक्यावर थेंब नव्हता, पाऊस वर डोंगरात झाला. गढूळ पाणी आलं तेव्हा शेळ्या वाचल्या, भाकरी गेली.

तेव्हा ओढा सोडा, थोड्या उताराची मुरमाड जागा धरा. वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, तेही बघा. एकट्या उंच झाडाखाली थांबूच नका. वीज कडाडत असेल तर या छपराचा काही उपयोग नाही; जवळ गाव असेल तर पक्कं घर गाठा.

दोन झाडांना छातीच्या उंचीवर आडवी काठी बांधा. तिच्यावर वाऱ्याच्या बाजूने जमिनीपर्यंत तिरप्या काठ्या टेकवा आणि त्यांना वीत-वीत अंतरावर आडव्या काड्या बांधा. लाकूड पडलेलंच घ्या, गुडघ्यावर दाबून बघा. उभा साग तोडणं गुन्हा आहे. उतार चांगला तिरपा हवा, नाहीतर पानांवर पाणी थांबतं आणि गळतं.

आता पानं. खाली पडलेली वाळकी घेऊ नका, चुरा होतो. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला फुटवे येतात. त्यांची पानं सगळ्यात मोठी आणि हाताला पोचणारी. कोवळं पान चुरगळलं की लाल रंग निघतो, म्हणून पांढरा सदरा घालून हे काम करू नका (माझ्या शाळेच्या शर्टाचं तेच झालं). देठाकडची चार बोटं आडव्या काडीवरून मागे दुमडा आणि पत्रावळी टाचतात तशी काडी टोचा. टोक खाली. पहिली ओळ जमिनीलगत, मग वर वर, कौलांसारखी; वरच्या ओळीनं खालची निम्मी झाकली पाहिजे. एका माणसाला सत्तर-ऐंशी पानं लागतात. शेवटी वरून दोन-चार जड फांद्या टाका, वाऱ्यानं पानं उलटत नाहीत.

ताडपत्री असेल तर काम सोपं. कडेचं भोक फाटलं असेल तर कोपऱ्यात सुपारीएवढा गोटा गुंडाळा आणि त्याच्या मानेला सुतळी आवळा, निसटत नाही. ताणलेल्या सुतळीवरून पाणी ओघळत आत येतं. छपराच्या बाहेर तिला एक चिंधी बांधा, पाणी तिथंच टपकतं.

वरच्या अंगाला चार बोटं खोल चर काढा. बसायला काटक्यांचा थर द्या, पण पाचोळा आधी काठीनं उलथा, विंचू असतात.

एवढं करायला तासभर जातो. तोवर सर आलीच तर पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून खोळ करा, डोक्यावर घ्या आणि काम चालू ठेवा.