कोर्टात बाईची साक्ष : या चुका टाळा

लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात साक्ष द्यायला येणारी बाई एवढीच तयारी करून येते की, घडलं ते सांगायचं. प्रत्यक्षात पिंजऱ्यात उभी राहिल्यावर घटनेपेक्षा तिच्याच वागण्याचा तपास सुरू होतो. हे रोखणारा कायदा आहे, आणि तो बायकांनी लढून मिळवला आहे. पण तो आपोआप लागू होत नाही, उभं राहून मागावा लागतो. मागायचा राहतो तो नेमका कुठे, ते वकिलीत रोज दिसतं.

‘रडलीस तरच खरं वाटेल’ असं शिकवणं

साडी नेस, मान खाली घाल, डोळ्यांत पाणी येऊ दे. घरचे हे काळजीपोटीच सांगतात, पण त्यातून ‘खऱ्या पीडितेचा’ तो जुना साचाच पक्का होतो. या साच्याने काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हणत आरोपी पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, असा तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं.

म्हणून तिला वागायचं कसं ते शिकवू नका. ती शांतपणे बोलत असेल तर बोलू द्या. अत्याचारानंतर प्रत्येकीची प्रतिक्रिया वेगळी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या लिंगभेदी समजुतींवरच्या पुस्तिकेतही लिहिलं आहे.

उलटतपासात गप्प राहणं

उलटतपास म्हणजे आरोपीच्या वकिलाने साक्षीदाराला विचारलेले प्रश्न. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. ‘घरी लगेच का सांगितलं नाही?’ हा प्रश्न टोचतो, पण बचावपक्षाला तो विचारता येतो. त्याचं खरं उत्तर साधंच असतं: भीती वाटली, कुणी विश्वास ठेवेल असं वाटलं नाही. ते तसंच सांगावं. ‘याआधी तुझे कुणाकुणाशी संबंध होते?’ हा प्रश्न मात्र संमती दाखवण्यासाठी विचारता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ४८ आणि कलम १४९ चं परंतुक (कलमाला जोडलेली अट) त्याला आड येतं. अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न रोखणं कलम १५५ नुसार न्यायाधीशांचं कर्तव्यच आहे. उलटतपासात न्यायालयाने मूक प्रेक्षक राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमीत सिंग खटल्यात बजावलं होतं.

प्रश्न संपायच्या आत सरकारी वकिलांनी ‘हरकत आहे’ म्हणून उभं राहायला हवं. प्रश्न, हरकत आणि त्यावरचा निर्णय, तिन्ही जबाबात लिहून घेण्याची विनंती करायची. अपिलात वरच्या न्यायाधीशांसमोर कागद असतो, तो टोमणा किंवा ते हसणं नसतं. सरकारी वकील उठले नाहीत, तर साक्षीदाराने थेट न्यायाधीशांना सांगावं, ‘साहेब, या प्रश्नाचा घटनेशी संबंध काय?’ ‘मॅडम’ असतील तर मॅडम. यात उद्धटपणा काही नाही. पीडित मूल असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारायचे असतात.

एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार थोड्या जणी लक्ष देतात. साक्षीदार मराठीत बोलते, न्यायाधीश सांगतात आणि टायपिस्ट टाइप करतो. या वाटेत ‘त्याने मला ओढत नेलं’ याचं ‘मी त्याच्याबरोबर गेले’ होऊ शकतं. संपूर्ण जबाब वाचून दाखवला पाहिजे, ही तरतूद आहे. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा, पुढच्या तारखेला नाही.

बाई न्यायाधीश आहे म्हणून निर्धास्त राहणं

बाकांवर बायका असणं गरजेचंच आहे. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या. इतका उशीर लागला, याचा राग यायलाच हवा. हे फक्त इथलंच नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात बायकांना ज्युरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, बसायचं तर स्वतःहून नाव नोंदवावं लागे. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावर एका स्त्रीला फक्त पुरुषांच्या ज्युरीने दोषी ठरवलं, आणि ही पद्धत १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य मानली. १९७५ मध्ये ती भूमिका सोडावी लागली. तरी पूर्वग्रह बाईच्याही मनात असू शकतो. न्यायाधीश कुणीही असो, हरकत घ्यायचीच आणि ती नोंदवायचीच.

समेटाच्या सल्ल्याला मान डोलावणं

‘लग्न लावून द्या, मिटवून टाका’ हे बाहेरच्या बाकावर कुणी म्हटलं तर स्पष्ट नकार द्या. २०२० मध्ये इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार महिलेकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द केली आणि लग्न किंवा तडजोड सुचवू नये असं सगळ्या न्यायालयांना बजावलं. जामिनाच्या सुनावणीत असं काही निघालं, तर वकिलांना या निकालाची प्रत दाखवायला सांगा.

वैद्यकीय अहवालात ‘टू फिंगर टेस्ट’ची (योनीत दोन बोटं घालून केलेल्या तपासणीची) नोंद दिसली तर तीही वकिलांच्या लगेच नजरेस आणा. ही तपासणी करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं आहे.

एकटं जाणं

खटला सरकार चालवतं, म्हणून स्वतःचा वकील देता येत नाही, असं अनेकींना वाटतं. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांना साहाय्य करायला आपला वकील देता येतो. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, आणि तो साक्षीच्या आदल्या दिवशी नाही, आरोपपत्र दाखल झाल्या झाल्या.