सोलापुरात हॅमस्टर पाळताय? या चुका टाळा

दुकानात हॅमस्टर घेताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "वाळवंटातला प्राणी आहे, ऊन सोसतो." त्यावर विसंबलात तर एप्रिल-मेमध्ये पस्तावायची पाळी येते. आपण पाळतो तो बहुतेक वेळा सोनेरी, म्हणजे सीरियन हॅमस्टर असतो. हा मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासच्या शेतशिवारातला. १९३० मध्ये इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाच्या मोहिमेत तिथल्या एका बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली गेली. आजच्या पाळीव सोनेरी हॅमस्टरांपैकी बहुतेकांची वंशावळ त्या कुटुंबापर्यंत पोहोचते. खणून काढली, हे महत्त्वाचं. भर उन्हाच्या वेळी हा प्राणी अर्धा ते एक मीटर खोल बिळात असतो आणि ऊन उतरलं की वर येतो. ऊन तो सोसत नाही, चुकवतो. आपण त्याचं बीळ काढून घेतो आणि पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात.

उन्हाळा

हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं. तिशीच्या वर त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. पत्र्याच्या घरात, वरच्या मजल्यावर किंवा पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेला पिंजरा म्हणजे भट्टीच. घरातली सगळ्यात थंड खोली त्याला द्या, शक्यतो तळमजल्यावरची, आणि पिंजरा जमिनीलगत ठेवा.

नुसता पंखा लावून भागत नाही. पंख्याने आपल्याला गार वाटतं कारण आपल्याला घाम येतो. हॅमस्टरला तसा येत नाही. कूलर खोलीत चालेल, पण झोत पिंजऱ्यावर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा. दुपारी त्याच्यावर पोट टेकून पडलेला दिसेल. आडवं ठेवलेलं छोटं मातीचं मडकंही उत्तम. वीज जाणार असेल तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवा. फक्त एकाच बाजूला, म्हणजे गार वाटलं तर त्याला सरकता येईल.

हॅमस्टर निपचित पडलाय, धापा टाकतोय, तोंडाशी लाळ आहे, उठवलं तर लडखडतोय, हा उष्माघात. लगेच थंड खोलीत न्या, पाय आणि कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणीही घालू नका. 'शीतनिद्रेत गेला असेल' असं समजून वाट पाहणारे भेटतात. हॅमस्टरची ती सुस्ती कडाक्याच्या थंडीत येते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तिचा काही संबंध नाही.

पिंजरा आणि अंथरूण

दुकानातला रंगीत, दुमजली, छोट्या चाकाचा पिंजरा मुलांना आवडतो. हॅमस्टरसाठी तो बहुतेक वेळा अपुरा असतो. जागा किमान १०० बाय ५० सेंटिमीटर धरा आणि खणायला २० ते २५ सेंटिमीटर जाडीचा थर द्या. रात्रभर जाळी चावत बसतो ही तक्रार पुष्कळांची असते. त्याला खणायला आणि पळायला दिलं की ती बरीच कमी होते. झाकणाला मोठी जाळी बसवलेला प्लास्टिकचा मोठा टब स्वस्तात पडतो, पण उन्हाळ्यात त्यात हवा कोंडत नाही ना हे पाहा. चाक सोनेरी हॅमस्टरसाठी सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचं आणि सलग पृष्ठभागाचं हवं. पळताना पाठ वाकत असेल तर चाक लहान आहे. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतात.

अंथरुणाची चूक खास आपल्या गावची. घरात टेरी टॉवेलचे तुकडे असतात, ओळखीच्या कारखान्यातून सुताची वेस्ट फुकट मिळते, ती लोक घरट्यासाठी टाकतात. टेरीच्या फाशांत नखं अडकतात. सुताचा धागा पायाला गुंडाळला की रक्तपुरवठा थांबतो, गिळला तर आतडं तुंबतं. कापूसही त्याच कारणाने नको. सुताराकडचा भुसा टाळा : बारीक धूळ फुप्फुसात जाते, आणि देवदार-पाइनसारख्या लाकडातल्या वासाच्या द्रव्यांनी श्वासाचा त्रास होतो. न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि साधे टिश्यू पेपर पुरे.

अंघोळ घालू नका. धुऊन, चाळून, तव्यावर भाजून पूर्ण गार केलेली बारीक वाळू एका भांड्यात ठेवा, तो स्वतःच लोळून अंग साफ करतो.

"चावतो हो!"

चावण्याआधी काय झालं होतं ते विचारलं, तर बहुधा उत्तर मिळतं : मुलं शाळेतून आली आणि झोपलेल्याला उचललं. ती त्याची मध्यरात्र. त्यातून हात वरून आला. जंगलात वरून येणारी वस्तू शिकारी पक्षीच असते, त्यामुळे तो दाताने उत्तर देतो.

नवा आणल्यावर काही दिवस हातच लावू नका. पाणी, खाणं ठेवा, हलक्या आवाजात बोला. मग संध्याकाळी, तो आपणहून बाहेर आल्यावर, उघडा तळवा पिंजऱ्यात नुसता टेकवून ठेवा. हात आधी साबणाने धुवा. त्याची नजर अधू असते, ओळख वासावर चालते, आणि शेंगाचटणी खाऊन आलेलं बोट त्याला खाऊच वाटणार. तळव्यावर एखादी सूर्यफुलाची बी ठेवा. तो स्वतः चढायला लागला की दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचला, तेही जमिनीवर बसून. ओट्याच्या उंचीवरून पडला तरी हाड मोडू शकतं.

चावलाच तर हात झटकू नका, फुंकर मारू नका, ओरडू नका. हात खाली टेकवा, तो सोडतो. जखम साबणाने नीट धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. माणसाळलेला हॅमस्टर अचानक चावायला लागला तर मात्र शिकवणीचा प्रश्न नसतो, कुठेतरी दुखत असतं.

एकटा आहे म्हणून जोडीदार

सोनेरी हॅमस्टरला जोडीदार आणू नका. वयात आल्यावर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, जीवही घेतात. नर-मादी ठेवलीत तर मादी अवघ्या १६ दिवसांत विते.

खाणं

ज्वारी, बाजरी चालते. औषध न मारलेलं वाळलं कणीस आख्खं टाकलंत तर सोलण्यात त्याची रात्र मजेत जाते. मात्र नुसत्या धान्यावर भागत नाही, हॅमस्टरचं तयार खाद्यही हवं. काकडी-गाजराचा नखाएवढा तुकडा पुरे. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं, चॉकलेट, चिवडा-फरसाण नको. शेंगदाणे दिलेत तर बिनमिठाचे, एखाददुसरे. हॅमस्टरच्या बुटक्या (ड्वार्फ) जातींना मधुमेह लवकर होतो, त्यांना फळं जवळपास बंदच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून साठवणीचं वापरतो, ते ठीक. पण त्याच्या बाटलीतलं रोज बदला आणि नळीतून थेंब पडतो का ते बोटाने पाहा.

घरचं औषध देऊ नका

शेपटीखालचा भाग ओला, घाण वास, कुबड काढून बसलेला : पिल्लांमध्ये ही गंभीर जुलाबाची खूण आहे आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरात उरलेलं ॲमॉक्सिसिलिन चिमूटभर द्यायचा मोह होतो. पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, घातक जिवाणू वाढतात, आणि आजारापेक्षा औषधानेच तो दगावतो. आपल्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांचं काम मुख्यतः गाई-म्हशी आणि कुत्र्यांचं असतं. म्हणून हॅमस्टर घरी आणतानाच दोन-तीन ठिकाणी फोन करून ससे-उंदरांवर उपचार करतात का ते विचारून ठेवा.

आजार तो लपवतो. त्यामुळे दर आठवड्याला वाटीत बसवून ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या वजनकाट्यावर वजन घ्या आणि लिहून ठेवा. वजन उतरत असेल तर आधी पुढचे दात बघा. ते जन्मभर वाढतात, चावायला लाकूड नसेल तर इतके लांबतात की समोर खाणं असून खाता येत नाही. वाढलेले दात घरी नेलकटरने कापू नका, चिरतात.