पेलेट स्मोकरवरच्या कोंबडीची चिवट कातडी

ह्यूस्टनला घरामागे पेलेट स्मोकर आहे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून धुरावर मांस शिजवणारी भट्टी. धुराची चव झकास यायची, पण कोंबडीची कातडी रबरासारखी. दाताने ओढली की अख्खी निघून हातात. कारण साधं: २२५ फॅरनहाइटला कातडीखालची चरबी नीट वितळत नाही, ओलावाही पुरता सुकत नाही.

आता मीठ चोळून कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवतो. सकाळी कातडी बोटाला कोरडी, ताणलेली लागते. पहिला तासभर २२५च, कारण मंद आचेवर पेलेट जास्त धूर देतात. मग सरळ ३७५. छातीच्या मांसात थर्मामीटर १६५ दाखवू लागला की उतरवायची. तंगडी १७५पर्यंत गेली तर उलट छान मऊ होते. हिकरीच्या लाकडाचे पेलेट बरे, मेस्कीटच्या लाकडाचा धूर मला उग्र वाटतो. सोललेली कोंबडी आणणाऱ्यांना हा प्रश्नच नाही म्हणा!