उतारावर गाडी न्यूट्रलला टाकताय? या चुका टाळा

उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि इंधन वाचवायचं, ही सवय बहुतेकांना घरातल्याच कुणाकडून तरी लागते. मलाही तशीच लागली. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधन सोडणारे इंजेक्टर बंद करतो, कारण तेव्हा इंजिनला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये हा संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगचं इंधन जळत राहतं, तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. चालू मायलेज दाखवणारा डिस्प्ले असेल तर लांब उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून बघा, आकडा थेट टोकाला जाऊन थांबतो. आरपीएम हजार-बाराशेच्या आसपास उतरले की इंधन पुन्हा सुरू होतं, तोवर थेंबही जात नाही.

पण इंधनापेक्षा मला काळजी ब्रेकची वाटते. 1200 किलोची गाडी 300 मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने दहा लिटर गार पाणी उकळेल. गिअरमध्ये यातला मोठा वाटा इंजिन अडवून धरतं. न्यूट्रलमध्ये वाऱ्याचा विरोध सोडला तर जवळपास सगळा भार ब्रेकवर. एका घाटात मी हे स्वतः अनुभवलंय. आधी जळकट वास आला, मग पेडल मऊ लागायला लागलं आणि दोन वळणांनंतर ते जवळजवळ तळाला गेलं. पॅड तापले की पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोहोचत नाही.

क्लच दाबून उतरणं म्हणजेही न्यूट्रलच, वर क्लचचं बेअरिंग झिजतं ते वेगळं. इंजिनच बंद करून उतरणं तर सगळ्यांत वाईट. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी पूर्ण फिरली तर ते लॉकही होऊ शकतं.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी निवडायचा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा. वेग आवरण्यासाठी ब्रेक सतत टेकवून ठेवू नका, ठामपणे दाबून पूर्ण सोडा. थांबताना शेवटच्या काही मीटरला क्लच दाबणं किंवा सिग्नलला न्यूट्रल करणं यात काही चूक नाही. उतार अगदी सौम्य असेल, तर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हेही खरं. पण अचानक बाजूला काढायची वेळ आली तर तेव्हा हाताशी पिकअप नसतो.

न्यूट्रलमध्ये वेग वाढला आणि पेडल मऊ लागलं, तर घाबरून एकदम पहिला टाकू नका. गिअर बसणार नाही, बसलाच तर चाकं घसरतील किंवा इंजिन क्षमतेबाहेर फिरेल. क्लच दाबा, ॲक्सिलरेटरला हलका झटका देऊन तिसरा किंवा चौथा टाका, क्लच हळू सोडा, मग एकेक खाली या. पेडल पटापट पंप करत राहा. हँडब्रेक ओढायचा तर त्याचं बटण दाबून ठेवून, थोडा थोडा.

गाडी थांबली की ती गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. नंतर ब्रेक ऑइल बदलून घ्या. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून ही मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात.