मुक्काम, हाल, फन्ना: सूफी ग्रंथ वाचायला घेणाऱ्यांसाठी

सूफी परिभाषेत मराठी वाचक अडकतो तो ओळखीच्या शब्दांवर. मुक्काम, हाल, तोबा, सबुरी, फकीर, राजी, फन्ना, अवलिया. हे सगळे अरबी मुळाचे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, घरचे झाले आणि घरचे होताना त्यांचा अर्थ सरकला. ‘हाल’ म्हटलं की आपल्याला हालअपेष्टा आठवतात. ‘फन्ना’ म्हटलं की पंगतीत उडवलेला, ‘अवलिया’ म्हटलं की आपल्याच तंद्रीत जगणारा मनस्वी माणूस. हे अर्थ मनात ठेवून कुशैरी किंवा गझाली हे जुने सूफी ग्रंथकार वाचायला बसलात तर पानं उलटत जातात, समजल्यासारखं वाटत राहतं, आणि सहा महिन्यांनी ध्यानात येतं की पहिल्या प्रकरणापासूनच चुकलं होतं. ते सहा महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

पहिलं काम वहीचं. चार रकाने आखा: शब्द, लेखक आणि त्याचं मृत्युवर्ष, त्या लेखकाच्या मते तो मकाम की हाल (म्हणजे काय ते पुढे येतं), आणि त्याच्या आधी काय लागतं. शब्द लिहिताना नुक्ता गाळू नका. अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. देवनागरीत नुक्ता गेला की दोन्ही एकच दिसतात. हिजरी वर्ष दिलं असेल तर त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन मिळतो. मृत्युवर्षाचा रकाना अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण तोच वाचवतो. सूफी हल्लाजच्या मृत्युदंडाच्या फतव्यावर जुनैद या थोर सूफीने सही केली ही गोष्ट सगळीकडे फिरते. जुनैद 910 मध्ये वारले, हल्लाजला बगदादमध्ये 922 मध्ये मारलं. रकाना भरलेला असेल तर गोष्ट तिथेच थांबते.

आता मकाम आणि हाल यांचा सापळा. त्यावर जास्त वेळ घेतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

मकाम म्हणजे उभं राहण्याची जागा. आपला ‘मुक्काम’ याच धातूतून आला. साधक कष्टाने तिथे पोचतो आणि तिथले नियम पाळून टिकतो. हाल म्हणजे हृदयावर उतरणारी अवस्था. ती मागून मिळत नाही आणि धरून ठेवता येत नाही. कुशैरी (मृत्यू 1072) हेच थोडक्यात सांगतात: मकाम ही कमाई, हाल ही देणगी. पालखीचे मुक्काम ठरलेले असतात, वाटेतली पावसाची सर ठरवून येत नाही. इथपर्यंत उपमा चालते.

पुढे ती मोडते, आणि नवशिके नेमके इथेच पडतात. पालखी सासवडहून निघाली की सासवड मागे राहतं. मकाम तसा मागे राहत नाही. हेरातचे अब्दुल्ला अन्सारी (1006–1089) यांनी शंभर मुक्कामांचा ग्रंथ लिहिला, दहा विभागांत दहा-दहा. त्याच्या सुरुवातीलाच ते बजावतात की वरच्या जागेवर पोचून खाली पाहिल्याशिवाय खालचा मुक्काम दुरुस्त होत नाही. म्हणजे तौबा, आपली तोबा, पहिल्या दिवशी उरकून टाकायची गोष्ट नाही. इजिप्तचे सूफी जुन्नून मिस्री सांगतात की सामान्यांची तौबा पापापासून असते आणि निवडक लोकांची गफलतीपासून, म्हणजे देवाचा विसर पडण्यापासून. शब्द एकच, पण पुढे गेलेल्या माणसाला तो पुन्हा, जास्त खोलवर लागू होतो. यादीवर बरोबरच्या खुणा करत पुढे सरकणारा विद्यार्थी हे कधीच पाहत नाही. खुणा करू नका.

यादी मात्र पाठ हवीच. अबू नस्र सर्राज (मृत्यू 988) यांचे सात मकाम असे: तौबा, वरअ, जुह्द, फक्र, सब्र, तवक्कुल, रिजा. प्रत्येक मकाम पुढच्याची मागणी करतो असं सर्राज दाखवतात, म्हणून क्रम घोकू नका, मागणी समजून घ्या. पापापासून वळलेला माणूस संशयास्पद गोष्टीही टाळू लागतो, हा वरअ. मग ज्याची मुभा आहे त्यावरूनही मन निघतं, हा जुह्द. मन निघालं की हात रिकामा होतो, हा फक्र. ‘फकीर’ इथून येतो आणि त्यात भिक्षेपेक्षा स्वतःचं असं काही न उरणं महत्त्वाचं. रिकामा हात सोसायला सब्र लागतो. आपली ‘सबुरी’ बहुतेक वेळा वाट पाहण्यापुरती उरते, पण सब्र तीन ठिकाणी लागतो: आज्ञा पाळताना, मोह टाळताना आणि संकट आल्यावर. वाट पाहणं फक्त तिसऱ्यात येतं. सोसणं देवावरच्या भरवशावर टेकलं की तवक्कुल, आणि त्या भरवशातली कुरकुर संपली की रिजा. ‘राजी’ याच मुळातला, आणि ‘राजीनामा’सुद्धा.

यानंतर सर्राज दहा हाल मोजतात: मुराकबा (देव पाहतो आहे याचं भान), कुर्ब (जवळीक), महब्बत (प्रेम), खौफ (भय), रजा, शौक (ओढ), उन्स (सलगी), तुमानीना (मनाची शांतता), मुशाहिदा (साक्षात पाहणं), यकीन (पक्की खात्री). यातला ‘रजा’ म्हणजे आशा, आणि वरचा ‘रिजा’ म्हणजे राजी असणं. दोन्ही एकाच ओळीत लिहून घ्या, नाहीतर परीक्षेत घोटाळा ठरलेला.

आता गोंधळ वाढतो, घाबरू नका. रिजा हा मकाम की हाल? कुशैरी नोंदवतात की खुरासानचे लोक त्याला मकाम मानतात, इराकचे हाल. मग स्वतः तोड काढतात: त्याची सुरुवात कमाईची, शेवट देणगीचा. महब्बत सर्राजकडे हाल, तर गझालींकडे (1058–1111) सर्वांत उंच मकाम. वहीतला तिसरा रकाना लेखकानुसार भरायचा तो यासाठी. ‘सूफी मतानुसार रिजा हा मकाम आहे’ असं वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर ते अर्धं चूक आहे. ‘सर्राज यांच्या मते’ एवढे शब्द घाला.

गझाली वाचताना आणखी एक खाच लागते. त्यांच्या चाळीस भागांच्या मोठ्या ग्रंथात शेवटचे दहा भाग तारणाऱ्या गुणांचे, आणि एकतिसावा भाग तौबेचा. तिथे ते म्हणतात की प्रत्येक मकाम तीन गोष्टींनी बनतो: इल्म, हाल, अमल. पाप नुकसान करतं हे कळणं हा इल्म. त्यातून उठणारा पश्चात्ताप हा हाल. आणि आत्ता ते सोडणं, पुढे न करण्याचा निश्चय, मागची भरपाई हा अमल. इथला हाल मकामाच्या पोटात आहे, मकामाच्या समोर नाही. तोच शब्द, दुसरी जागा. हे एकदा दिसलं की गझाली फार सोपे होतात, खरंच.

जवळिकीविषयी थोडं. ‘कुर्ब’ला समीपता हा प्रतिशब्द लगेच सुचतो, आणि त्याच्यामागून सलोकता, सरूपता, सायुज्यता ओळीने येतात. थांबा. चार मुक्तींतली समीपता साधनेच्या फळासारखी येते. सूफी मात्र कुराणातल्या 50:16 या वचनापासून निघतात: देव माणसाला त्याच्या मानेच्या शिरेहून जवळ आहे. त्याच्या बाजूने अंतर नाहीच, पडदा माणसाच्या बाजूने. मग ‘जवळ जाणं’ कसलं? याचं उत्तर बुखारींच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, आहे आणि ती प्रत्येकाने नीट वाचावी. आधी फर्ज, म्हणजे नेमलेली उपासना, मग नफ्ल, म्हणजे नेमलेल्याहून जास्तीची उपासना, करता करता देव त्या दासावर प्रेम करू लागतो, आणि मग त्याचं ऐकणं, पाहणं, पकडणं, चालणं देवाचं होतं. क्रम पाहा. फर्ज गाळून थेट प्रेमावर उडी मारणारं वाचन या हदीसमध्ये बसत नाही. रूमींच्या नावाने फिरणाऱ्या दोन ओळींच्या चित्रांनी हेच शिकवलं आहे, आणि नवशिक्यांचं त्याने नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

फना म्हणजे नाश एवढंच धरलं तर उरलेलं अर्धं, बका म्हणजे त्यानंतरचं टिकून राहणं, हातून सुटतं. जुनैद यांचा भर परतण्यावर आहे: स्वतःचं गेलं, आणि माणूस शुद्धीवर, दास्यात, लोकांत परत आला. फना म्हणजे मोक्ष असं समीकरण पहिल्या वर्षी तरी मांडू नका. तुलना करायचीच असेल तर श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ वाचा, पण शब्दकोश म्हणून नको; ते आपल्या वाटेने मराठीत बोलतात, सर्राजचं भाषांतर करत नाहीत.

गुरूबद्दल सरळ सांगतो. वाचनासाठी असा माणूस शोधा जो एका बैठकीत अर्धं पान घेईल. आठवड्यांत मुक्काम गाठून देणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. श्वासाचे जिक्र (देवाचं स्मरण), चाळीस दिवसांचा चिल्ला (एकांतातली साधना) या गोष्टी परंपरेत मुर्शिद, म्हणजे गुरू, एकेका मुरीदाला, म्हणजे शिष्याला, त्याची प्रकृती पाहून देतो. व्हिडिओला तुमची प्रकृती दिसत नाही. ग्रंथ एकट्याने वाचायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. हळू चाललात तरी चालेल.

व्याख्यांनी डोकं भरून गेलं की मलफूजात, म्हणजे संभाषणांच्या नोंदी घ्या. निजामुद्दीन औलिया यांची संभाषणं 1308 ते 1322 या काळात अमीर हसन सिज्जी यांनी टिपली, आणि हसन यांची कबर आपल्या खुलदाबादेत आहे. निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) हेही तिथेच, त्यांच्याही बैठकी शिष्यांनी लिहून ठेवल्या. तिथे मकाम व्याख्येत न दिसता वागण्यात दिसतो. निजामुद्दीनांच्या चिश्ती पंथाच्या खानकाहीत, म्हणजे मठात, न मागता आलेलं दान, फुतूह, साठवायचं नाही असा दंडक होता. निजामुद्दीनांकडे शुक्रवारच्या नमाजाआधी कोठार रिकामं करून झाडून घेत. वहीत तवक्कुलच्या समोर हे कोठार लिहून ठेवा.