जपानमध्ये जुना फ्लॅट घेताय? या चुका टाळा

निइगाता प्रांतातलं युझावा. तोक्योहून शिनकान्सेननं साधारण सव्वा तास. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, तेजीच्या काळात स्कीइंगवाल्यांसाठी इथे टॉवर उभे राहिले. त्यांतले काही फ्लॅट पुढे एक लाख येनला विकायला निघाले. म्हणजे पन्नास-साठ हजार रुपये. पुण्यात तेवढ्यात पार्किंगही मिळणार नाही! विकणारा एवढा घायकुतीला का येतो? फ्लॅट रिकामा असला तरी लिफ्ट, सामायिक गरम पाण्याची स्नानगृहं यांचा खर्च दरमहा भरावाच लागतो, वर मालमत्ता कर. हे बिल कुणाच्या तरी गळ्यात मारायचं असतं.

म्हणून नुसती किंमत आणि भाडं यांचा हिशेब मांडू नका. तिथे दरमहा दोन रकमा जातात: 'कानरिही' म्हणजे आपला मेंटेनन्स, आणि 'शूझेन त्सुमितातेकिन' म्हणजे साधारण सिंकिंग फंड, मोठ्या दुरुस्तीसाठीची साठवण. विक्री सोपी व्हावी म्हणून बरेच बिल्डर हा फंड सुरुवातीला कमी ठेवतात, मग तो टप्प्याटप्प्यानं वाढतो. मोठी दुरुस्ती साधारण बारा-पंधरा वर्षांनी निघते. तेव्हा फंडात खडखडाट असला तर मालकांकडून एकरकमी वर्गणी काढण्याची वेळ येते. शिवाय आधीच्या मालकाची थकबाकी कायद्यानं नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकते. व्यवस्थापन कंपनीचा अहवाल मागवा. फंडातली शिल्लक, थकबाकी, दुरुस्तीचा आराखडा, ठरलेली वाढ हे सगळं पाहा. एजंट टाळाटाळ करत असेल तर सरळ दुसरा फ्लॅट बघा.

भूकंपाबाबत फसगत तारखेत होते. नवे निकष १ जून १९८१ पासून लागू झाले, पण बघायची ती बांधकाम मंजुरीची तारीख. १९८२ किंवा ८३ साली पूर्ण झालेली इमारतही जुन्या निकषांची असू शकते. जाहिरातीतल्या वर्षावर जाऊ नका, मंजुरीची नोंद स्थानिक कार्यालयातून काढून घ्या.

पर्यटकांना भाड्यानं द्यायचा बेत असेल तर आधी इमारतीचे नियम वाचा. २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याखाली वर्षाला १८० दिवसांचीच मुभा आहे आणि अनेक सोसायट्या तेही चालू देत नाहीत. भाडेकरूसकट फ्लॅट घेत असाल, तर त्याला सहज बाहेर काढता येईल हे डोक्यातून काढा.

फ्लॅट घेतला म्हणून व्हिसा मिळत नाही. भारतात बसून घेणाऱ्यानं पैसे एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून पाठवायचे, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. जपानमध्ये राहत नसाल तर तिथला कर भरायला करप्रतिनिधी नेमा. पुढे विकताना अनेकदा खरेदीदार करापोटी १०.२१ टक्के कापून उरलेलेच पैसे देतो. जादा कापलेला कर विवरणपत्र भरून मागावा लागतो.

करारापूर्वी परवानाधारक व्यक्ती महत्त्वाच्या बाबी समजावून सांगते, पण जपानीत. तो मसुदा काही दिवस आधी मागून भाषांतर करून घ्या. सही होऊन गेली असेल आणि मग खोट दिसली, तर विक्रेत्यानं कराराची अंमलबजावणी सुरू करेपर्यंत साधारणपणे बयाणा सोडून बाहेर पडता येतं. ती मुदत करारात कुठल्या तारखेपर्यंत आहे ते लगेच बघा.