जर्मन शब्द पाठ होतात पण तोंडात येत नाहीत? या चुका टाळा

जर्मन शिकायला लागलेल्या माणसाचं रडगाणं साधारण ठरलेलं असतं. ॲपवर रोज शब्द होतायत, लिस्ट पाठ आहे, हिरव्या टिका दिसतायत, आणि समोरच्याने साधं काही विचारलं की डोकं एकदम कोरं. मग म्हणायचं माझी मेमरीच खराब, आता वय झालं वगैरे वगैरे. मेमरीचा काही दोष नसतो हो, शब्द ज्या पद्धतीने डोक्यात भरलेत तिथे गडबड असते, आणि त्यातली निम्मी गडबड तरी इंग्रजीमुळे होते असं माझं स्पष्ट मत आहे. आपण काय करतो, जर्मनचं आधी इंग्रजी करतो, मग इंग्रजीचं मराठी, आणि कित्येक ठिकाणी जर्मन मराठीच्याच जास्त जवळ असते हे लक्षातच येत नाही.

डेर-डी-डास सोडून नुसता शब्द पाठ करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. वहीत लिहिलेलं असतं 'टिश म्हणजे टेबल', 'लाम्पे म्हणजे दिवा', बस. इंग्रजीत सगळ्याला एकच 'द' लागतो ना, त्यामुळे वाटतं की आर्टिकल म्हणजे वरची सजावट आहे, नंतर बघू. पण नंतर प्रत्येक वाक्यात तेच आडवं येतं, कारण विशेषण, सर्वनाम, विभक्ती सगळं त्याच्यावर चालतं, आणि मग शेकडो शब्द परत पहिल्यापासून करायची पाळी येते.

मराठीत बघा की, आपण 'तो खुर्ची' कधी म्हणतो का? लहान पोरगंही म्हणत नाही, कारण त्याने तो शब्द ऐकलाच 'ही खुर्ची' असा. जर्मनमध्येही तीनच लिंगं, डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. इंग्रजीवाल्यांना ही कल्पनाच डोक्यात बसवायला वेळ लागतो, आपल्याला ती आयती मिळालीये.

फक्त आपलं लिंग तिकडे जसंच्या तसं चालत नाही. सूर्य आपल्याकडे 'तो', तिकडे डी झोने, म्हणजे चक्क बाई. चंद्राचं जमतं, डेर मोंड. खुर्ची 'ती' तर डेर श्टूल, झाड 'ते' तर डेर बाउम, दार 'ते' तर डी ट्यूर, आणि पुस्तक-घर मात्र आपल्यासारखंच, डास बूख, डास हाउस. काटा, चमचा, सुरी घ्या: डी गाबेल, डेर ल्योफेल, डास मेसर, एका ताटाशेजारी तिन्ही लिंगं नांदतायत! यात लॉजिक शोधत बसू नका, सापडणार नाही.

थोडे नियम मात्र खरंच कामाचे आहेत. शेवटी उंग, हाइट, काइट किंवा शाफ्ट असेल तर डी. शेवटी लहानपणा दाखवणारं 'शेन' असेल तर डास, आणि म्हणूनच मेडशेन म्हणजे मुलगी असूनही डास मेडशेन. वार, महिने, ऋतू सगळे डेर. सुरुवातीला एवढ्यावर पुष्कळ निभावतं. बाकीच्यांना शब्दाबरोबरच आर्टिकल, आणि जमलं तर अनेकवचनही त्याच दमात: डास किंड, डी किंडर. डेर आपफेल, डी एपफेल. डास मेसर, डी मेसर. अनेकवचनात सगळ्यांना डीच लागतो, तेवढा एक दिलासा. आर्टिकल चुकलं तरी लोकं समजून घेतात हे खरं, पण डेर लाइटर म्हणजे प्रमुख आणि डी लाइटर म्हणजे शिडी, तेव्हा कधीकधी अर्थच बदलतो हेही खरं.

इंग्रजीसारखा दिसला म्हणजे अर्थ तोच

हा मोह भारी. 'बेकोमेन' बघितलं की वाटतं 'होणे', आणि अर्थ आहे 'मिळणे'. 'गिफ्ट' म्हणजे विष. 'शेफ' म्हणजे बॉस, मग तो ऑफिसातला का असेना. 'हँडी' म्हणजे मोबाईल. 'फास्ट' म्हणजे जवळजवळ, 'बाल्ट' म्हणजे लवकरच, 'गिम्नाझिउम' ही चक्क शाळा, तिथे वजनं उचलत नाहीत. त्यातही 'वेर' आणि 'वो' ही जोडी जास्त घात करते, 'वेर' म्हणजे कोण आणि 'वो' म्हणजे कुठे, इंग्रजी डोळ्याला नेमकं उलटं दिसतं.

आणि 'इश विल'. हा इंग्रजीसारखा भविष्यकाळ नाही, ही इच्छा आहे. 'इश विल श्लाफेन' म्हणजे 'मला झोपायचंय'. असे फसवे शब्द वेगळ्या रंगाने लिहून ठेवा आणि त्यांच्यापुढे इंग्रजी अर्थ अजिबात लिहू नका, थेट मराठी.

आकडे इंग्रजीतून करणं

पंचेचाळीस. आधी पाच, मग चाळीस, बरोबर? जर्मनमध्येही फ्युन्फ-उंट-फिअरत्सिश, पाच-आणि-चाळीस. बत्तीस म्हणजे त्स्वाय-उंट-ड्रायसिश, दोन-आणि-तीस. इंग्रजीतून जाणारा 'फॉर्टी फाइव्ह' उलटा करत बसतो तोवर फोनवरचा माणूस पुढचे चार आकडे बोलून मोकळा. तुम्ही मराठीतूनच जा, क्रम तोच आहे. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे तेवढे सांभाळा, तिथे आपण 'तीसला एक कमी' म्हणतो आणि जर्मन सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात, नॉयन-उंट-त्स्वान्त्सिश.

पण घड्याळात मराठीच गोत्यात आणते. 'हाल्प ड्राय' ऐकलं, हाल्प म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन, आपल्या कानाने पटकन साडेतीन करून टाकलं. चूक! हाल्प ड्राय म्हणजे अडीच. तिसऱ्या तासाचा अर्धा भाग झालाय असा त्यांचा हिशोब. म्हणजे अडीचची अपॉइंटमेंट असेल तर तुम्ही बरोबर एक तास उशिरा पोचणार, आणि वर तुम्हाला वाटणार आपण वेळेत आलो. खात्री नसली की २४ तासांच्या पद्धतीने परत विचारून घ्यायचं, 'फिअरत्सेन उअर ड्रायसिश?' म्हणजे १४:३० ना? रेल्वेच्या वेळा तशाही याच पद्धतीने सांगतात.

डिक्शनरीत शब्दच सापडत नाही

हा प्रॉब्लेम बहुतेक क्रियापदांचा असतो. वाक्य घ्या: 'इश रूफे डिश मोर्गेन आबेंट आन.' तुम्ही डिक्शनरीत 'रूफेन' बघता, अर्थ येतो हाक मारणे. उद्या संध्याकाळी तुला हाक मारतो? असं कसं? गोम शेवटच्या त्या चिमुकल्या 'आन' मध्ये आहे. मूळ क्रियापद 'आनरूफेन', फोन करणे, त्याचा पुढचा तुकडा सुटून थेट वाक्याच्या शेवटी जाऊन बसलाय. म्हणून वाक्य संपेपर्यंत अर्थ लावायचा नाही, आधी शेवट बघायचा, तिथे आन, आउस, आइन, आउफ, आप, उम, मिट असं काही लोंबकळत असेल तर ते क्रियापदाला चिकटवायचं आणि मग शोधायचं. आइनश्टायगेन चढणे, आउसश्टायगेन उतरणे, उमश्टायगेन गाडी बदलणे, मधला भाग सारखाच, पुढच्या तुकड्यानेच सगळा फरक. हे शब्द पाठ करताना नुसतं क्रियापद नको, एक छोटं तुटलेलं वाक्य सोबत ठेवा, 'इश श्टायगे हिअर आउस', मी इथे उतरतो.

लांबलचक नामांना घाबरायचं कारण नाही, ते आपले समासच आहेत. मागून फोडा. क्युलश्रांक: श्रांक म्हणजे कपाट, क्युल म्हणजे गार, झाला फ्रिज. हांटशू म्हणजे हाताचा बूट, हातमोजा. आणि आर्टिकल नेहमी शेवटच्या शब्दाचं लागतं, कार्टे डी आहे म्हणून फारकार्टे, म्हणजे प्रवासाचं तिकीट, तेही डी.

वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं

इथे मी सगळं देवनागरीतच लिहिलंय, ओघात वाचायला बरं पडतं म्हणून, पण वहीत तसं करू नका. एक तर तिकडे प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, ती खूण देवनागरीत राहतच नाही. दुसरं म्हणजे दोन टिंबवाले स्वर. आपल्याकडे त्यांना अक्षरच नाही, त्यामुळे 'शोन' म्हणजे आधीच आणि 'श्योन' म्हणजे सुंदर, किंवा 'द्रुकेन' प्रिंट करणे आणि 'द्र्युकेन' दाबणे-ढकलणे, यातला फरक कागदावर कसाबसा दिसतो आणि तोंडात पार हरवतो. युक्ती सोपी आहे: तोंडाने 'ई' म्हणत राहा आणि ओठ 'ऊ' सारखे गोल करा, तो झाला टिंबवाला उ. 'ए' म्हणत ओठ 'ओ' सारखे केले की टिंबवाला ओ. आरशासमोर करा, वेड्यासारखं दिसतं, पण जमतं.

'झेड' मात्र आपल्याला फुकटात मिळालाय. त्याचा उच्चार चहातल्या च सारखा नाही, चोर-चाक मधल्या च सारखा. त्साइट, त्सेन, त्सुग म्हणताना तोच च लावा. बाकी व्ही बहुतेक ठिकाणी फ, डब्ल्यू म्हणजे व, 'ई-आय' म्हणजे आय आणि 'आय-ई' म्हणजे लांब ई. शब्द पहिल्यांदा भेटेल तेव्हाच ऑडिओ ऐका, डोळ्यांनी पाठ केलेला शब्द कानाला ओळखू येत नाही आणि 'जर्मन लोकं फार फास्ट बोलतात' ही तक्रार बरेचदा तिथूनच सुरू होते.

जिथे मराठी चालते तिथेही इंग्रजी वापरणं

थंडी वाजली की इंग्रजीच्या वळणावर लोकं 'इश बिन काल्ट' म्हणून टाकतात, त्याचा अर्थ मी थंड स्वभावाचा माणूस आहे असा काहीतरी निघतो. 'मला थंडी वाजतेय' मधला 'मला' आठवा: 'मिअर इस्ट काल्ट'. मला मळमळतंय, 'मिअर इस्ट श्लेश्ट'. मला हे आवडतं, 'डास गेफेल्ट मिअर'. सगळीकडे तोच मला.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर देतानाही तेच. 'कोम्स्ट डू निश्ट?' येत नाहीयेस का? इथे 'या', म्हणजे 'हो', म्हटलं की समोरचा गोंधळतो. उत्तर आहे 'दोख!', म्हणजे आपलं 'येतोय की!'. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, आपला 'की' तेच काम करतो.

उलटं 'जाणे' मध्ये मराठी उपयोगी नाही. 'इश गेहे नाख बेर्लिन' म्हटलं तर पायी निघालात की काय असं वाटेल. गाडीने जायचं तर 'फारेन', विमानाने 'फ्लीगेन'.

ओळखता येतो, आठवत नाही

कारण तुम्ही एकाच दिशेने सराव केलाय, जर्मन बघून अर्थ सांगायचा. बोलताना नेमकं उलटं लागतं. कार्डाची मराठी बाजू वर ठेवा, जर्मन मोठ्याने म्हणा, मगच उलटा. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून रविवारी एकदम शंभर शब्द करण्यापेक्षा रोज थोडे आणि मध्ये अंतर सोडून उजळणी. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी सुचवलेला कार्डांचा डबा याच तत्त्वावर आहे: बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात, आणि पहिला कप्पा रोज काढायचा.

एकाच दिवशी सगळे रंग किंवा सगळी फळं घेऊ नका, सारखे शब्द एकमेकांत मिसळतात. आणि कुठले शब्द घ्यायचे हा प्रश्न असेल तर जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलची शब्दयादी ऑनलाइन फुकट आहे, साधारण ६५० शब्द, बहुतेकांना उदाहरणाची वाक्यं. आधी ती संपवा, मग पाच ॲप डाउनलोड करा.

पुस्तकातला शब्द दुकानात ऐकू येत नाही

छोट्या पावाला पुस्तक म्हणतं ब्र्योटशेन, बव्हेरियात म्हणतात झेमेल, बर्लिनमध्ये श्रिपे. उत्तरेत मोइन म्हणून नमस्कार करतात, दक्षिणेत ग्र्युस गॉट. हे सगळं पाठ करत बसू नका, कानावर पडलं तर कळलं पाहिजे इतकंच. ब्र्योटशेन म्हणून मागितलं तरी पाव मिळतोच.